पाणी वापरण्यात भारत जगात पहिला, मग माझी टाकी रिकामी का?

रामबागवाली, इंदूर
मंगळवार, सकाळी ११:२०

जानेवारीत भाचा आला होता, ह्यूस्टनहून. तीन आठवडे राहिला. गुणी मुलगा, रोज सकाळी स्वतः जाऊन पोहे-जलेबी घेऊन यायचा, त्यामुळे त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी जड जातं. पण तिसऱ्याच दिवशी तो आंघोळीला गेला आणि वरच्या टाकीतून पाणी उतरल्याचा आवाज काही थांबेना. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. (इंदूरबाहेरच्यांसाठी: आम्ही ‘नर्मदेचं पाणी आलं’ असं म्हणत नाही, ‘नर्मदा आली’ म्हणतो. किंवा ‘नळ आले’. माझी पुण्याची जाऊ यावर अजून हसते, म्हणे नळ येतात कुठून?) तो दिवस कोरडा होता. हे पेपरातून मान वर करून छताकडे बघत होते, मी ओट्याशी उभी राहून घड्याळाकडे. अठरा मिनिटं! मग सासूबाई आत गेल्या, अंगाला साबण लावला आणि नळाने एक ढेकर देऊन मान टाकली. शेजारच्या काकूंकडून दोन बालद्या आणल्या तेव्हा कुठे साबण निघाला. ८८ वर्षांच्या आहेत. पुढचे दोन दिवस त्या भाच्याशी मराठीत बोलल्या नाहीत, फक्त हिंदीत.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, इथे पाणी बघून वापरावं लागतं. तर म्हणतो, “मावशी, रागवू नकोस, पण पाणी वापरण्यात इंडिया जगात नंबर वन आहे.” आणि फोनवर तक्ताच काढून दाखवला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आकडे होते, म्हणजे व्हॉट्सअॅपचं फॉरवर्ड नव्हे. भारत वर्षाला सुमारे ७६० घन किलोमीटर, चीन ६०० च्या आसपास, अमेरिका ४४० च्या आसपास. वर आणखी सांगतो की अमेरिकेचा वापर १९८० नंतर वाढलेलाच नाही, उलट कमी झालाय.

मला काही ते पचलं नाही. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. कॅश जुळेपर्यंत घरी जायचं नाही ही सवय. म्हणून तो परत गेल्यावर सात दिवस वही घेऊन बसले. आम्ही तिघं: मी, हे आणि सासूबाई. आंघोळ तिघांची मिळून साडेचार बालद्या, बालदी २० लिटरची, म्हणजे ९०. भांडी ४५. मशीन एक दिवसाआड लागतं, त्याचे रोजचे धरले ५०. फ्लश ९५ (हे रात्री तीनदा उठतात). पिणं, स्वयंपाक आणि आरओ मिळून ४५. आरओतून वाया जाणारं पाणी मी वाया घालवत नाही, लादी त्यातच पुसली जाते, त्यामुळे ते दोनदा मोजलेलं नाही. तुळस, कुंड्या, ओटला धुणं, पाहुण्याचे पाय वगैरे २५. एकूण रोजचे ३५० लिटर. माणशी ११७.

भाच्याच्या आंघोळीचाही हिशेब केला. त्याच शॉवरखाली बालदी ठेवली, २ मिनिटं १० सेकंदांत भरली. अठरा मिनिटांचे झाले १६५ लिटर. एका माणसाची एक आंघोळ!

आता मला कोणीतरी नीट समजावून सांगा. ज्या देशात आम्ही बालद्या मोजतो तो पहिला, आणि जिथे शॉवर बंद करायचं कोणाला सुचत नाही तो मागे, हे कसं? लोकसंख्येमुळे असेल म्हणावं तर चीनही तेवढाच आहे. आणि जगाचा एकूण वापर वाढतोय की उतरतोय? ‘आपण भारतीय लोक पाण्याची किंमतच करत नाही’ असं प्रवचन देणाऱ्यांनी कृपा करून दुसरा धागा शोधावा. ते मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज फुकट मिळतं.

नेकरकाठ, श्टुटगार्ट
मंगळवार, दुपारी १:०५

ताई, मूळचा सुदामानगरचा, त्यामुळे ‘नर्मदा आली’ वाचून पोटात काहीतरी हललं. गेली अकरा वर्षं इथे आहे.

तुमचे ११७ लिटर वाचून गंमत वाटली, कारण जर्मनीची घरगुती सरासरीही जवळपास तेवढीच आहे. १९९० मध्ये माणशी रोज १४७ लिटर होती, ती उतरत उतरत १२०-१२५ च्या घरात आली. आणि अमेरिकेची? २०१५ च्या त्यांच्या सरकारी आकड्यांप्रमाणे घरगुती वापर माणशी ८२ गॅलन, म्हणजे सुमारे ३१० लिटर. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे नळ चोवीस तास, आणि फरक अडीच पटीचा. पैसा आला की पाणी जास्त लागतंच असं नाही. इथे प्रत्येक घराला मीटर आहे आणि पाण्याचे पैसे दोनदा जातात, एकदा नळातून येताना आणि एकदा गटारात जाताना. अनेक शहरांत दुसरी रक्कम पहिलीहून मोठी. पहिलं बिल आलं त्या महिन्यापासून मी दाढी करताना नळ बंद करायला शिकलो, आईने वीस वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते.

एक मजा सांगतो. इथल्या लोकांनी इतकं पाणी वाचवलं की काही शहरांत गटारांच्या जुन्या, मोठ्या पाइपांत मैला पुढे सरकेना. मग पालिकेचेच लोक चांगलं पाणी सोडून गटारं धुतात. आमच्या सासऱ्यांना (ते इथलेच) हे सांगितलं की ते टेबलावर मूठ आपटतात.

पण हा सगळा घराचा हिशेब. भाच्याचा तक्ता देशाचा आहे. त्यातल्या भारताच्या आकड्याला (तो २०१० चा आहे) तेव्हाच्या लोकसंख्येने भागलं की माणशी वर्षाला ६०० घनमीटरच्या आसपास येतात, म्हणजे रोजचे सुमारे १,६५० लिटर. तुमच्या वहीत ११७ आहेत. उरलेले दीड हजार लिटर तुमच्या नावावर कोणी काढले, ते शोधा.

देपालपूरकर
मंगळवार, दुपारी ३:४०

मी काढले. लिहून घ्या.

बावीस बिघे जमीन आहे, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि थोडा लसूण. एका बिघ्याला (आमच्याकडे चार बिघ्यांचं एक हेक्टर) गव्हाचं एक पाणी द्यायचं म्हणजे सहा सेंटिमीटर जमिनीवर उभं करायचं. करा हिशेब: दीड लाख लिटर. ताई, तुमच्या घराला रोजचे ३५० लागतात ना? माझ्या एका बिघ्याचं एकच पाणी तुमच्या घराला चौदा महिने पुरेल. आणि गव्हाला पाच पाणी लागतात. बिघ्याला साडेअकरा क्विंटल गहू निघाला तर किलोमागे साडेसहाशे लिटर नुसतं बोरिंगचं, जमिनीत पावसाची जी ओल होती ती वेगळी.

म्हणून भारतात उपशाचं ९० टक्के पाणी शेतीत जातं. घरांना ७ टक्के, कारखान्यांना २. तुम्ही आंघोळ अर्धी केलीत तरी त्या तक्त्यात केसभरही हलणार नाही.

आजोबा गव्हाला पाणी देतच नव्हते. काळ्या मातीत पावसाची ओल धरून ठेवायची आणि कठिया गहू पेरायचा. कमी व्हायचा पण व्हायचा. “मालव धरती गहन गंभीर, पग-पग रोटी, डग-डग नीर” ही म्हण तेव्हाची. मग सोयाबीन आलं, ट्यूबवेल आल्या, बुटका गहू आला, विजेचं बिल हॉर्सपॉवरवर ठरलं. मोटर तास चालवा की दहा तास, पैसे तेवढेच. माझ्या शेतात आत्ता चार बोअर आहेत, त्यातले दोन नुसते भोकं आहेत. वडिलांच्या वेळी ऐंशी फुटांवर पाणी होतं, आता साडेचारशेवर लागलं तर पेढे वाटतो.

भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आहे, वर्षाला २५० घन किलोमीटरच्या आसपास, जगाच्या उपशाचा सुमारे चौथा भाग. चीन आणि अमेरिका मिळून आपल्याएवढं काढत नाहीत. त्यात माझे साडेचारशे फूट आले.

रामबागवाली, इंदूर
मंगळवार, संध्याकाळी ५:१५

चौदा महिने! भाऊ, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “गव्हाला सांग, एवढं पाणी प्यायल्यावर पोळी तरी मऊ व्हायला हवी.” आमच्याकडे हल्ली आणलेल्या पिठाची तक्रार चालू आहे, तुमचा राग नाही.

नेकरकाठ, तुमच्या बिलाचं वाचून हेवा वाटला. इथे मीटर नाही, महिन्याची ठरावीक रक्कम भरायची. मी माझे ११७ लिटर वहीतून काढले म्हणून कळले, नाहीतर जन्मात कळले नसते.

पण एक राहिलं. चीनही शेती करतो, तोही भात पिकवतो. मग आपण त्याच्याही पुढे का?

जुना पंपवाला, इंदूर
मंगळवार, रात्री ९:३०

चीनचं दुसरे कोणी सांगतील. मी नळाच्या पलीकडचं सांगतो, कारण नोकरीतली बरीच वर्षं जलूदला गेली.

रामबागवाली ताई, तुमच्या टाकीत पडणारं पाणी सत्तर किलोमीटरवरून येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला नर्मदेतून उचलायचं, टप्प्याटप्प्याने विंध्याचा घाट चढवायचा, वांचू पॉइंटवर आणून सोडायचं, तिथून ते उताराने शहरात येतं. उचल पाचशे मीटरहून जास्त. १९७० मध्ये इंदूरच्या पोरांनी रस्त्यावर उतरून ही नर्मदा मागितली, १९७८ मध्ये ती आली. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावली यांच्यावर शहर कसंबसं निघायचं.

आता साधा शाळेतला हिशेब. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाचशे मीटर वर न्यायला नुसत्या भौतिकशास्त्राला १.३६ युनिट वीज लागते. पंप, मोटर, पाइपातलं घर्षण धरलं की किमान दोन युनिट. तुमच्या घराचं महिन्याचं पाणी साडेदहा हजार लिटर, म्हणजे २१ युनिट फक्त डोंगर चढायला. एका लहान फ्रिजएवढी वीज, जी तुमच्या घरच्या मीटरवर कधीच दिसत नाही.

हे मुद्दाम सांगतोय. इस्राएल समुद्राचं पाणी गोडं करतं ते हजार लिटरमागे साडेतीन-चार युनिटांत. आपण समुद्रापासून इतक्या लांब बसून त्याच्या निम्मी वीज नुसती उचलण्यात घालवतो. ‘इस्राएलने समुद्र गाळून घेतला, केवढं ते महागडं काम’ असं म्हणणाऱ्या इंदूरकरांना मी हे आवर्जून ऐकवतो. त्यांनी दुसरंही एक केलंय, सांडपाण्याचा जवळजवळ ९० टक्के भाग शुद्ध करून शेतीला देतात. इतकं दुसऱ्या कुठल्याच देशाला जमलेलं नाही.

वीज स्वस्त पडावी म्हणून २०२३ मध्ये इंदूर पालिकेने ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, जलूदलाच साठ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. चांगलं काम आहे. पण तो काढलेला थेंब वाटेत गळून जाऊ नये हे पाहणारे फिटर कमी पडतात, ते तेव्हाही होतं. टोकियोत गळती तीन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडची मोजायची तर आधी मीटर लावावे लागतील, ताई म्हणाल्या तसे.

आणि १९९० च्या उन्हाळ्यात देवासला इथून रेल्वेने पाणी गेलं होतं, ते बघितलेले आम्ही लोक. लातूरची मिरजेहून आलेली गाडी (२०१६) सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली, देवासची कोणाच्या लक्षातही नाही.

नकाशा, ग्वाल्हेर
बुधवार, सकाळी ७:१०

भूगोल शिकवते, म्हणून राहवत नाही. तास सुरू व्हायला चाळीस मिनिटं आहेत, तेवढ्यात लिहिते.

रामबागवाली ताईंच्या चीनच्या प्रश्नाला अर्धं उत्तर हे की आपल्याकडे पाऊस तीन-चार महिन्यांत आटोपतो आणि रब्बी जवळजवळ सगळी उपशावर उभी आहे. चीनमध्ये कारखाने आणि शहरांचा वाटा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आणि शेतीचा वाटा दोनतृतीयांशाच्या आत. उरलेलं अर्धं देपालपूरकरांनी सांगितलंच: विजेचं बिल हॉर्सपॉवरवर.

जगाचा एकूण वापर वाढतोय. विसाव्या शतकात माणसं चौपट झाली आणि पाण्याचा उपसा साधारण सहापट. आता वर्षाला ४,००० घन किलोमीटरच्या आसपास आहे आणि १९८० च्या दशकापासून दरवर्षी साधारण एक टक्क्याने चढतोय. त्यातलं ७० टक्के शेतीला, २० च्या आतबाहेर उद्योगांना, उरलेलं घरांना. सरासरी ही अशी. पण प्रत्यक्षात अशा सरासरीचा देश शोधून सापडत नाही. युरोपात अर्ध्याच्या आसपास पाणी उद्योग आणि वीज केंद्रांना जातं, दक्षिण आशियात नव्वद टक्के शेतीला.

भाच्याचं अमेरिकेबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे, त्याला त्याचे मार्क द्या. १९८० मध्ये तिथला उपसा शिगेला पोचला आणि २०१५ मध्ये तो त्याहून सुमारे चतुर्थांश कमी होता, माणसं मात्र नऊ कोटींनी वाढली होती. ही कमाई शॉवरची नाही. तिथे सगळ्यात जास्त पाणी काढतात ती औष्णिक वीज केंद्रं, २०१५ मध्ये एकूण उपशाच्या ४१ टक्के. जुनी केंद्रं नदीचं पाणी एका बाजूने घ्यायची, वाफ थंड करायची, कोमट करून दुसऱ्या बाजूने सोडून द्यायची. नवी केंद्रं तेच पाणी फिरवून फिरवून वापरतात. १९७२ च्या कायद्याने घाण पाणी नदीत सोडणं महाग झालं, तेव्हा कारखानेही तेच करायला लागले. १९९२ च्या कायद्याने संडासाच्या फ्लशची टाकी सहा लिटरवर आणली, तो हातभार छोटा.

इथे एक शब्द जपून वापरावा लागतो, आणि माझी मुलं परीक्षेत हमखास इथेच चुकतात. ‘उपसा’ वेगळा आणि ‘खप’ वेगळा. वीज केंद्राने घेतलेलं बहुतेक पाणी नदीत परत जातं, थोडं कोमट होऊन. देपालपूरकरांच्या गव्हाने प्यायलेलं पाणी हवेत गेलं, ते या मोसमात त्यांच्या बोअरमध्ये परत येत नाही. तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

माणशी उपशात वर्षानुवर्षं पहिला कोण असतो माहितीये? तुर्कमेनिस्तान. वाळवंट आहे, माणसं थोडी, आणि सोव्हिएत काळात १९५४ मध्ये खोदायला घेतलेला काराकुम कालवा. अमूदर्या नदीचं पाणी वाळूतून नेऊन कापूस पिकवला, माणशी वर्षाला हजारो घनमीटर. त्याच कापसापायी अरल समुद्र आटला. १९६० मध्ये तो जगातलं चौथं मोठं सरोवर होता. मी वर्गात दोन नकाशे शेजारी शेजारी लावते तेव्हा मागच्या बाकावरची गडबडही थांबते.

सौदी अरेबियाने तर जमिनीखालचं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी काढून वाळवंटात गहू पिकवला आणि काही वर्षं चक्क निर्यात केला. मग हिशेब कळला. २००८ मध्ये सरकारने खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आणि २०१६ ला ती संपवली. आता बहुतेक गहू बाहेरून आणतात. घंटा झाली, पळते.

तिरकस
बुधवार, सकाळी १०:५०

चला, म्हणजे शेतकरी दोषी ठरला, ताई सुटल्या, भाचा सुटला. नेहमीचंच.

जरा उलट बाजूने बघा. देपालपूरकर पाच पाणी देऊन गहू पिकवतात, तो ते एकटे खातात का? तो ताईंच्या डब्यात येतो. भारत जगातला सगळ्यात मोठा तांदूळ निर्यात करणारा देश, जगाच्या व्यापाराचा सुमारे ४० टक्के. पंजाबच्या भूजलाची वाट लागली, २००९ मध्ये सरकारला कायदा करून सांगावं लागलं की १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. आणि तो तांदूळ जातो कुठे? त्याच सौदीत, ज्याने शहाणपणाने गहू बंद केला.

लंडनचे प्राध्यापक टोनी अॅलन यांनी पिकात दडून असं परदेशी जाणाऱ्या पाण्याला ‘आभासी पाणी’ म्हटलं, २००८ मध्ये स्टॉकहोमचं पाण्याचं पारितोषिक मिळालं त्यांना. नेदरलँड्सच्या आर्येन हुकस्ट्रा यांनी २००२ पासून त्यावर ‘पाण्याचा ठसा’ मोजायची पद्धत बसवली. म्हणजे ज्याने खाल्लं-नेसलं त्याच्या नावावर पाणी. त्या हिशेबाने १९९६ ते २००५ ची सरासरी: जगात माणशी वर्षाला १,३८५ घनमीटर, भारतात १,०८९, अमेरिकेत २,८४२. झालं? आता भाचा पहिला. नेकरकाठ यांच्या एक कप कॉफीचे १३० लिटर झाले, ते त्यांच्या त्या दोनदा येणाऱ्या बिलात दिसतात का हो?

नेकरकाठ, श्टुटगार्ट
बुधवार, दुपारी १२:२०

नाही दिसत, मान्य. जर्मनीचा माणशी उपसा भारताच्या निम्म्याच्या आसपास दिसतो, त्याचं एक कारण इथला बारमाही पाऊस आणि दुसरं हेच: कॉफी, कोको, कापूस, सोयाबीन सगळं बाहेरचं. पण तुमच्या ठशात एक मेख आहे. त्यात पावसाचं पाणीही धरलेलं असतं. गोमांसाच्या किलोमागे १५,००० लिटर म्हणून जे फिरतं त्यातलं बहुतेक कुरणावर पडलेला पाऊस आहे, तो कोणी पंपाने उचलला नव्हता. कॉफीचंही बरंच तसंच. देपालपूरकरांचं साडेचारशे फुटांवरचं एक लिटर आणि कुर्गच्या पावसाचं एक लिटर एकाच तराजूत टाकायचं का?

देपालपूरकर
बुधवार, दुपारी २:००

नाही टाकायचं. आणि तिरकस, माझी बाजू घेतल्याबद्दल आभार, पण मला सुटायचं नव्हतं. बोअर माझेच आहेत.

देवासकडे २००६ च्या सुमारास शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत मोठी तळी खोदली, त्यांना ‘रेवासागर’ म्हणतात. आधी वेड्यात काढलं, मग टोंककलांला जाऊन पाहिलं. दहातला एक भाग जमीन तळ्याला द्यायची, पावसाचं पाणी साठवायचं, रब्बी त्यावर काढायची. मी मागच्या वर्षी दोन बिघ्यांत खोदलं. बायको म्हणाली दोन बिघे बुडवले. खरंच बुडवलेत. यंदा पाचवा बोअर मारला नाही एवढंच सांगतो. आणि तुषार संच लावल्यावर पाच पाण्यांचं पाणी पावणेचारात भागलं. लसणाला ठिबक लावायचंय, अनुदानाचा कागद फिरतोय.

आजवा, बडोदे
बुधवार, दुपारी ४:३०

वाचतोय. बडोद्याचं फक्त एक सांगतो: नर्मदा तुमच्याकडून आमच्याकडे उताराने येते, कालव्यातून. त्यामुळे जुन्या पंपवाल्यांचे दोन युनिट वाचून हळहळ वाटली. आमच्या आजवा तलावाचं पाणीही सयाजीरावांच्या काळापासून उतारावरच चालतं. चालू द्या.

रामबागवाली, इंदूर
गुरुवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. मला आता तक्ता कळला. आमच्या बँकेत असं व्हायचं: व्हाउचर एका शाखेत फाडलं जायचं आणि खातं असायचं दुसऱ्याच शाखेत. नुसतं व्हाउचर पाहिलं तर आमची शाखा उधळी, खातं पाहिलं तर भलताच. भाच्याने मला व्हाउचरांची बेरीज दाखवली होती. पण त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, हे नकाशा बाईंमुळे मान्य करावं लागलं. ते १९८० चं तर मला थापच वाटली होती.

काल रात्री त्याला फोन केला, हा सगळा धागा वाचून दाखवला. पोरगं दिलदार आहे, हसला आणि स्वतःचं पाण्याचं बिल काढलं. तिघं आहेत तेही: तो, बायको, मुलगी. एका महिन्याचे ९,००० गॅलन. मी फोनवरच गुणाकार केला. रोजचे माणशी पावणेचारशे लिटरच्या वर. म्हणजे त्याचा एकट्याचा वापर आमच्या अख्ख्या घरापेक्षा जास्त. तो म्हणाला, मावशी, हे सगळं आंघोळीचं नाही गं, लॉनवर स्प्रिंकलर आहेत, पहाटे आपोआप चालू होतात. तिथे घरांच्या वापरातलं साधारण ३० टक्के पाणी असं बाहेर जातं म्हणे.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. अबोला कधीच संपलाय, आता त्याचा फोन आला की आधी त्याच बोलतात. त्यांनी विचारलं, लॉन म्हणजे काय? मी म्हटलं, हिरवळ. गवत.

“रोज पाणी घालतो?”

“उन्हाळ्यात घालतो म्हणे.”

“मग कापतो?”

“कापतो. दर शनिवारी.”

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी काळजीने विचारलं, “बाळा, गाय कधी घेतलीस? सांगितलं नाहीस ते?”